भिंतीवरचा डबा, रस्त्याखालची केबल: मालक कोण असावा?

मासुंदाकाठी | शनिवार, सकाळी ९:१२

मंडळी, प्रश्न साधा होता, मीच वाढवून ठेवला.

ठाण्याच्या पाचपाखाडीतल्या आमच्या सोसायटीत रंगकाम चालू आहे. कंपाउंडच्या भिंतीवर टेलिफोनचा जुना राखाडी लोखंडी डबा आहे, हातभर उंच. एके काळी आमच्या बत्तीस घरांपैकी तीस घरांच्या लँडलाईन त्यातून यायच्या. आता एकही चालू नाही, ज्याने त्याने फोन परत केले. रंगारी म्हणाला, काढून टाका, भिंत सरळ होईल. खजिनदारांनी मनातल्या मनात भंगाराचा भावही लावला. तेवढ्यात दुसऱ्या मजल्यावरचे एक काका म्हणाले, "तो आपला नाही. हात लावायचा नाही." मग कोणाचा? तिथे सगळे गप्प.

त्याच आठवड्यात फायबरची तिसरी कंपनी गेटपासून जिन्यापर्यंत चर खणायची परवानगी मागायला आली. पहिलीने खणताना आमच्या बागेची पाण्याची लाईन फोडली होती (नाव घेत नाही, नंतर प्लंबर त्यांनीच पाठवला). दुसरीने खणलंच नाही, गुलमोहरावरून केबल टाकली, ती आता झोपाळ्यासारखी लोंबते. आणि तिन्हींच्या आत आहे काय, तर तीच केसाएवढी काचेची तार.

माझं म्हणणं एवढंच: रस्ता पालिकेचा असतो, त्यावरून टीएमटीची बस धावते, रिक्षा धावते, शाळेची बसही धावते. तशी केबल जमिनीखाली एकदाच पडावी, ती सगळ्यांची असावी, वरून सेवा कोणीही द्यावी. चुकतंय का काही?

घणसोली_नोड | शनिवार, ९:५०

चुकतंय. रस्त्याचं उदाहरण देऊन तुम्ही स्वतःच्याच पायावर धोंडा पाडून घेतलात. घोडबंदर रोडने जाता ना कधी? :-)

गंमत सोडा. १८८५ च्या तार कायद्याने तारायंत्र चालवायचा हक्क फक्त सरकारचा होता. शंभरावर वर्षं तो प्रयोग झाला. फोनसाठी अर्ज करायचा आणि वर्षानुवर्षे नंबराची वाट बघायची. घाई असेल तर ओवायटी (ओन युवर टेलिफोन) योजनेत जास्त अनामत भरायची, तरी रांग होतीच. १९९४ चं दूरसंचार धोरण आलं, ३१ जुलै १९९५ ला देशातला पहिला मोबाईल कॉल झाला, ज्योती बसू कोलकात्यात आणि सुखराम दिल्लीत. पुढे काय झालं ते तुमच्या खिशात आहे. ते खाजगी पैशाने झालं. आता परत तार सरकारला द्या म्हणणं म्हणजे आगीतून उठून फुफाट्यात.

(मी याच धंद्यात आहे, तेव्हा माझं मत त्या चष्म्यातून वाचा.)

नेरूळची_सून | शनिवार, ११:०५

@घणसोली_नोड, तुमच्या गोष्टीतली मधली पानं गळली आहेत.

१९९५ ला मुंबईत मोबाईल आला तेव्हा कंपन्या खाजगीच होत्या, बीपीएल आणि मॅक्सटच. स्वस्त होतं का? मिनिटाला सोळा रुपयांपर्यंत दर होता आणि येणाऱ्या कॉललाही पैसे. दोघेच खेळाडू, दोघेही आरामात. १९९९ च्या धोरणाने ठरावीक परवाना शुल्काऐवजी उत्पन्नातला वाटा घ्यायचं ठरलं, तेव्हा कंपन्यांना श्वास घेता आला. मग २००१ मध्ये मुंबई-दिल्लीत सरकारी एमटीएनएलचा डॉल्फिन मोबाईल आला, २००२ मध्ये बाकीच्या देशात बीएसएनएलचा मोबाईल आला, त्याच वर्षाच्या शेवटी रिलायन्स. दर कोसळले ते यानंतर. येणारा कॉल फुकट झाला २००३ मध्ये.

म्हणजे दर पाडायला मैदानात सरकारी कंपनीही होती. नुसतं "खाजगी झालं म्हणून स्वस्त झालं" हे अर्धंच खरं.

आडवातिडवा | शनिवार, ११:२०

येणाऱ्या कॉलला पैसे पडायचे म्हणून आपण मिस्ड कॉलची भाषा काढली होती. एक रिंग म्हणजे "ट्रेनमध्ये चढलो". दोन म्हणजे "मुलुंड गेलं, कुकर लाव". बाबांना ही भाषा कधीच कळली नाही, ते उचलायचे.

अवांतराबद्दल क्षमस्व. चालू द्या.

तांब्याची_तार | शनिवार, दुपारी ३:४०

मी केबल जॉइंटर होतो. आधी टेलिफोन खात्यात, मग १९८६ ला मुंबई-दिल्लीसाठी निगम (एमटीएनएल) झालं तेव्हा तिकडे. ठाणे आणि नवी मुंबई मुंबईतच धरली म्हणून आपला कोड ०२२. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली. त्या डब्याबद्दल बोलतो, मालकीचं नंतर.

त्याला आम्ही डीपी म्हणायचो. एक्सचेंजमधून जाड केबल निघते, ती रस्त्याच्या कडेच्या पिलरपर्यंत येते, पिलरमधून बारीक केबल डीपीपर्यंत, आणि डीपीतून काळी ड्रॉप वायर तुमच्या खिडकीत. जुन्या केबलवर शिशाचं आवरण असायचं आणि आत प्रत्येक तारेला कागद गुंडाळलेला. कागद! ठाण्याच्या पावसात. म्हणून एक्सचेंजमधून त्या केबलीत कोरडी हवा दाबाने भरून ठेवायची. आवरणाला भोक पडलं तर हवा बाहेर येणार, पाणी आत जाणार नाही. दाब उतरला की समजायचं कुठेतरी फुटलंय. मग खड्डा खणून, ताडपत्री बांधून, शेकडो जोड्या एकेक करून जोडायच्या आणि वरून शिसं वितळवून सांधा पुसून काढायचा. "पुसणे" हाच शब्द. हाताखाली फडकं असायचं, त्याला चरबी लावलेली. सांधा गुळगुळीत झाला की वरिष्ठ बोट फिरवून बघायचे. बोटाला काही लागलं की पुन्हा.

नंतर जेली भरलेल्या केबल आल्या आणि ते कौशल्य संपलं. चांगलंच झालं, शिशाचा धूर काही औषध नव्हे.

आता दुसरी गोष्ट. तांब्याच्या तारेतून आवाजाबरोबर वीजही यायची, एक्सचेंजच्या बॅटरीतून, पन्नासेक व्होल्ट. घरातले दिवे गेले तरी फोन चालू. २६ जुलै २००५ ला मोबाईल मुके झाले होते आठवतं? जिथे एक्सचेंज कोरडं राहिलं आणि केबल धड होती, तिथे लँडलाईन वाजत होती. तुमच्या फायबरच्या डब्याला घरातल्या प्लगची वीज लागते. इन्व्हर्टर नसेल तर लाईट गेली की इंटरनेट गेलं. हा फरक मालकीचा नाही, तंत्राचा आहे. पण तेव्हा ती बॅटरी सांभाळणं कोणाचं तरी काम होतं. आज ते काम तुमचं आहे आणि तुम्हाला कोणी सांगितलेलं नाही.

डबा भंगारात देऊ नका. निदान मी बघून जाईपर्यंत.

मासुंदाकाठी | शनिवार, ४:१५

काका, केव्हाही या. चहा आमच्याकडे. आणि "सांधा पुसणे" आयुष्यात पहिल्यांदा वाचलं.

अर्थशून्य | शनिवार, रात्री १०:३०

भावनिक झालं, आता जरा कटू.

२०१९, २०२२ आणि २०२३ अशी तीन पॅकेजं मिळून सरकारी दूरसंचार कंपन्यांसाठी सुमारे ३.२२ लाख कोटी रुपये मंजूर झाले. ३१ जानेवारी २०२० ला एका दिवसात बीएसएनएल आणि एमटीएनएलचे मिळून नव्वद हजारांहून जास्त लोक स्वेच्छानिवृत्तीने बाहेर पडले. बीएसएनएलच्या स्वदेशी फोरजीचा सोहळा झाला २७ सप्टेंबर २०२५ ला, तोवर खाजगी कंपन्यांचं फाईव्हजी येऊन तीन वर्षं होत आली होती. एमटीएनएलवरचं कर्ज तीस हजार कोटींच्या वर गेलं. हा पैसा तुमचा-आमचा. मालकी सार्वजनिक म्हणजे तोटाही सार्वजनिक.

आता दुसरी बाजू, तीही तितकीच कटू. व्होडाफोन आयडियाला सरकारचे पैसे देता येईनात म्हणून सरकारने त्याचे शेअर करून घेतले. २०२३ मध्ये ३३ टक्के, २०२५ मध्ये ते सुमारे ४९ टक्के. म्हणजे खाजगी कंपनीचा सगळ्यात मोठा भागधारक कोण? तुम्हीच.

आणि टॉवर? जिओचे टॉवर २०२० मध्ये ब्रुकफिल्ड या कॅनडाच्या कंपनीने आणि तिच्यासोबतच्या गुंतवणूकदारांनी घेतले, २५,२१५ कोटींना. अमेरिकन टॉवरचा भारतातला धंदाही २०२४ मध्ये ब्रुकफिल्डकडे गेला. इंडस टॉवर्स तीन कंपन्यांनी मिळून उभी केली, ती आता एअरटेलच्या ताब्यात आहे. मोबाईलच्या रेडिओ लहरी तर कोणाच्याच नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्येच सांगून ठेवलंय की त्या सार्वजनिक मालमत्ता आहेत, कंपन्या त्या मुदतीवर घेतात. जमीन पालिकेची किंवा तुमच्या सोसायटीची. मग मोबाईल कंपनीच्या मालकीचं नक्की आहे काय? काही यंत्रं, ग्राहकांची यादी आणि कर्ज.

तेव्हा "सरकारी की खाजगी" हा प्रश्नच जुना झाला.

घणसोली_नोड | शनिवार, १०:५५

यादी आणि कर्ज :-)) मान्य. पण टॉवर वेगळे काढून भाड्याने देणं हे खाजगीवाल्यांनीच केलं ना? एका टॉवरवर तिघांचे अँटेना लागले. धागाकर्त्याला जे केबलचं हवंय ते टॉवरचं आधीच झालंय, आणि पालिका न आणता.

कळव्याचा_बगळा | रविवार, सकाळी ८:२०

तारा एकाच्या आणि धंदा दुसऱ्याचा, हे आमच्याकडे विजेत चालू आहे. कळवा-मुंब्रा-शिळला १ मार्च २०२० पासून वितरण टोरंट पॉवरकडे आहे फ्रँचायझी म्हणून. भिवंडीत तर २००७ पासून. खांब, तारा, रोहित्रं महावितरणच्या मालकीची; मीटर वाचणं, बिल, दुरुस्ती टोरंटची. खाडी ओलांडून ठाण्यात गेलं की सगळंच महावितरण.

चांगलं की वाईट यावर आमच्या चाळीत रोज दोन पार्ट्या पडतात, त्यात पडत नाही. पण एक निरीक्षण. मोर्चा न्यायचा झाला की आधी अर्धा तास कुठे न्यायचा यावर वाद होतो. मालकाकडे की चालवणाऱ्याकडे?

नेरूळची_सून | रविवार, ९:४०

बगळेभाऊ, मोर्चाचा मुद्दा लाख मोलाचा.

आमच्या बाजूचं उदाहरण देते. नवी मुंबई महापालिकेचं स्वतःचं धरण आहे, मोरबे. जलवाहिनीही स्वतःची. नळाला पाणी आलं नाही तर नगरसेवकाच्या दारात जाता येतं, तो "वरून कमी आलंय" म्हणून हात वर करू शकत नाही. सार्वजनिक मालकी म्हणजे दिल्लीच असं का धरून चालतो आपण? शहराची मालकी हाही प्रकार आहे.

स्टॉकहोम शहराने १९९४ मध्ये हेच केलं. शहराच्या कंपनीने जमिनीखाली फायबर टाकलं आणि "काळं", म्हणजे प्रकाश न सोडलेलं, कंपन्यांना भाड्याने दिलं. शहर ग्राहकाला इंटरनेट विकत बसत नाही. आपल्याकडे केरळ सरकारच्या केफॉन या फायबर जाळ्याचं उद्घाटन जून २०२३ मध्ये झालं, त्यांनी बरीच केबल वीज मंडळाच्या खांबांवरून नेली. वीस लाख गरीब घरांना फुकट जोडणी द्यायचं त्यांनी ठरवलं होतं, ती गती मात्र बेताचीच निघाली, हेही सांगायला हवं. रेलटेलचं उदाहरण तर आपल्या रुळांच्या कडेलाच आहे, २००० पासून. सरकारी कंपनी, रेल्वेची जागा, फायबर भाड्याने.

सिडकोने नवी मुंबईचे नोड (वसाहती) आखताना गटारं, पाणी, वीज सगळ्याचं आधी नियोजन केलं. १९७० साली फायबर कोणाच्या स्वप्नात नव्हतं, नाहीतर केबल ओढायच्या नळीचीही सोय झाली असती.

आडवातिडवा | रविवार, ९:५५

नगरसेवक इंटरनेटचा झाला तर निवडणुकीच्या आधी स्पीड, नंतर बफरिंग.

घणसोली_नोड | रविवार, दुपारी १२:३०

आता गंभीरपणे, कारण @नेरूळची_सून यांनी स्टॉकहोम काढलं.

"केबल एकदाच टाका" यात एक धोका आहे, तो ऐरोली-महापेच्या डेटा सेंटरांत काम करणाऱ्या कोणालाही विचारा. तिथे मोठा ग्राहक आला की त्याचा पहिला प्रश्न दराचा नसतो. तो विचारतो, तुमच्या दोन केबल एकाच चरातून येतात का? येत असतील तर त्या दोन नाहीत, एकच आहे. जेसीबीचा एक दात लागला की दोन्ही गेल्या. म्हणून वेगळे रस्ते, शक्यतो वेगळे मालक. तुटली की ओटीडीआर लावतात, तो केबलीत प्रकाश सोडतो आणि परत किती वेळाने येतो त्यावरून तूट किती अंतरावर आहे ते दाखवतो. मशीन सांगतं ३ किलोमीटर ४०० मीटर. तिथे जाऊन बघावं तर मेट्रोच्या कामाचे पत्रे, आत जायला परवानगी हवी, आणि ती कोणाची याचा शोध.

याच कारणाने मार्च २०२३ मध्ये "कॉल बिफोर यू डिग" ॲप आलं. खणणाऱ्याने आधी कळवायचं, ज्याची केबल आहे त्याला निरोप जातो. कल्पना उत्तम. पण जेसीबी चालवणाऱ्याच्या फोनमध्ये ते असतं का, हे गोखले रोडला उभं राहून तुम्हीच बघा.

सगळं एका मालकाकडे दिलंत तर नकाशा एक होईल हे खरं, आणि चूकही एकच होईल, सगळ्या शहराला एकदम पुरणारी.

तांब्याची_तार | रविवार, १:१०

@घणसोली_नोड, बरोबर आहे. पण तुम्ही दोघं दोन वेगळ्या वस्तूंबद्दल भांडताय. नळी वेगळी, केबल वेगळी, केबलीतला उजेड वेगळा. आमच्या वेळी तिन्ही एकाचंच होतं म्हणून फरक करायची सवयच नाही आपल्याला.

नळी टाकायला रस्ता फोडावा लागतो. खर्च तिथे, त्रास तिथे. एकदा चार रिकाम्या नळ्या पडल्या की केबल ओढणं दोन तासांचं काम, रस्ता कोणी फोडत नाही. केबल कोणाचीही असू दे. नळी मात्र रस्त्याच्या मालकाची असावी असं मला वाटतं. आणि मोठ्या ग्राहकासाठी दोन बाजूंनी दोन नळ्या, तो जास्तीचे पैसे देईल.

नकाशाचं म्हणाल तर नौपाड्यातले कितीतरी सांधे कुठे पुरलेत ते अजून माझ्या डोक्यात आहे. या वडापासून चार पावलं, त्या पायरीच्या डावीकडे. वड गेला. पायरीवर आता मोबाईलचं दुकान आहे.

वकिली_बाणा | रविवार, संध्या. ६:००

नळीचं कायद्यात आलंय. २०२३ च्या दूरसंचार कायद्यात केंद्राला मोठ्या प्रकल्पांमध्ये सामाईक नळ्या आणि केबल मार्ग करायला सांगता येतं, आणि ते सगळ्यांना भेदभाव न करता खुले ठेवायचे. रस्ता वापरण्याच्या हक्काचे नवे नियम १ जानेवारी २०२५ पासून लागू आहेत. "सांगता येतं" आणि "झालं" यात किती पावसाळे जातात ते मी लिहीत नाही.

आणि धागाकर्ते, तुमच्या डब्याचं उत्तरही तिथेच आहे. त्या कायद्यानुसार दूरसंचाराचं जाळं हे ज्या मालमत्तेवर बसवलंय तिच्यापासून वेगळं धरलं जातं. भिंत तुमची म्हणून डबा तुमचा होत नाही. आणि डबा त्यांचा म्हणून भिंतीवर त्यांचा हक्क बसत नाही. दुसऱ्या मजल्यावरच्या काकांना माझा नमस्कार सांगा.

कोपरीची_केतकी | रविवार, ६:४५

एक कोणीच बोललं नाही. मालक सरकार असो की कंपनी, वरून आदेश आला की इंटरनेट बंद करायला कोणीच नाही म्हणत नाही. कायद्याने म्हणताच येत नाही. त्यामुळे "खाजगी म्हणजे स्वतंत्र" हा भ्रम नको.

घणसोली_नोड | रविवार, ७:०५

+१. इथे वाद नाही.

मासुंदाकाठी | पुढचा रविवार, दुपारी १:३०

सोसायटीची सभा झाली. उशीर झाला, क्षमा करा, इतिवृत्त मलाच लिहावं लागतं.

बत्तीसपैकी अकरा जण आले. गणपूर्ती नाही म्हणून अर्धा तास थांबून त्याच जागी पुन्हा सभा भरवली. तुमच्या चर्चेतला नळीचा मुद्दा मी माझा म्हणून मांडला, माफी असावी. ठराव असा: गेटपासून जिन्याखालच्या मीटर खोलीपर्यंत सोसायटी स्वतःच्या खर्चाने एकदाच चर खणणार आणि चाळीस मिलिमीटरच्या चार नळ्या टाकणार. नळ्या सोसायटीच्या. ज्या कंपनीला यायचंय तिने त्यातून केबल ओढावी, भिंतीला आणि झाडाला हात लावायचा नाही. गुलमोहरावरची केबल काढायला एक महिन्याची मुदत.

इथपर्यंत सगळं दहा मिनिटांत झालं. पुढचा तास वाद कशावर? एक, कंपन्यांकडून भाडं घ्यायचं का. खजिनदार म्हणाले घ्यायचं. तळमजल्याच्या काकू म्हणाल्या, ते आपल्याच बिलात लावतील. भाडं नाही असं ठरलं, सहा विरुद्ध पाच. दोन, मीटर खोलीची किल्ली कोणाकडे. सचिवाकडे, तर मी ऑफिसला जातो. वॉचमनकडे, तर कंपनीचा माणूस येऊन दुसऱ्याची केबल उपटेल. शेवटी वॉचमनकडे किल्ली, वहीत नाव-वेळ-सही, आणि केबलवर ज्याने त्याने आपलं नाव लिहिलेली पट्टी लावायची. चौथी नळी रिकामी ठेवायची. कशासाठी हे कोणीच विचारलं नाही.

तांब्याची_तारवाले काका शुक्रवारी येऊन गेले. डबा उघडायला स्क्रू गंजलेले, त्यांनी घरून रॉकेलची बाटली आणली होती. आत झुरळांची वसाहत आणि झाकणाच्या मागे चिकटवलेलं पुठ्ठ्याचं कार्ड. जोडीचे आकडे आणि पुढे फ्लॅटचे नंबर, पेन्सिलीने. आमचा नंबर सातवी जोडी. काकांनी चष्मा वर करून बराच वेळ बघितलं, म्हणाले अक्षर आपलं नाही. मग झाकण लावलं आणि चहा घेतला.

रंगाऱ्याने डबा सोडून भिंत रंगवली. त्याचे पैसे त्याने पूर्ण भिंतीचेच लावलेत, त्यावर पुढच्या सभेत.